आधी हाताने विचारून बघा: एपीआय, कर्ल आणि मुंबईचा पाऊस

मागे ऐकू येतंय ना? पंखा चालू ठेवला तर आवाज आणि बंद केला तर घाम, मे महिन्यात दादरला दुसरा पर्याय नाही, त्यामुळे मी जरा ओरडूनच बोलतो.

तर आज आपण कोड लिहिणार नाही आहोत. एपीआयवर, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या ठरलेल्या दारावर, काम करायला बसलं की आपण काय करतो, थेट पायथन उघडतो, लायब्ररी टाकतो, भराभर ओळी लिहितो आणि मग काहीतरी फाटतं तेव्हा कळतच नाही की घोळ आपला आहे, लायब्ररीचा आहे की समोरच्या सर्व्हरचा. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला प्रश्न टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, हाताने विचारा, उत्तर कच्चं बघा, कोड नंतर.

त्यासाठी सगळ्यात जुनं आणि खात्रीचं हत्यार म्हणजे कर्ल, दिलेल्या पत्त्यावर रिक्वेस्ट पाठवून उत्तर दाखवणारी कमांड. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गला आयआरसी नावाच्या जुन्या चॅटवरच्या बॉटसाठी चलनांचे दर नेटवरून आणायचे होते, त्या खटपटीतून हे निघालं, कर्ल हे नाव मिळालं १९९८ साली. मॅकवर असतंच, विंडोज १० मध्ये २०१८ पासून येतं, फक्त तिकडच्या जुन्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल टाइप केलं की मायक्रोसॉफ्टची भलतीच कमांड चालते, म्हणून पुढे डॉट ईएक्सई लावायचं. हे माहीत नसलं की माणूस अख्खी दुपार घालवतो.

आता उदाहरण घेऊ. ओपन-मेटिओ नावाची हवामानाची एपीआय आहे, अव्यावसायिक वापराला एपीआय-की, म्हणजे ओळखीचा गुप्त कोड, लागत नाही. पत्ता लिहायचा, मग प्रश्नचिन्ह, मग मुंबईचं लॅटिट्यूड १९.०७, लाँगिट्यूड ७२.८८, आणि अवरली म्हणजे दर तासाचं प्रेसिपिटेशन, म्हणजे पाऊस, मागायचं. हे सगळे तुकडे अँडच्या चिन्हाने (&) जोडायचे. आणि इथेच गंमत होते, कारण शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखी त्या अँडचा अर्थ "ही कमांड मागे चालू दे" असा आहे, म्हणजे यूआरएल (हा अख्खा पत्ता) पहिल्या अँडपाशीच तुटतो, सर्व्हरला फक्त लॅटिट्यूड पोचतं आणि तो ४००, म्हणजे "रिक्वेस्ट चुकीची आहे" असा कोड, देऊन मोकळा. आपण म्हणतो एपीआय बंद आहे. मॅकवर तर त्याच्याही आधी अडतं, तिथल्या झेडशेल नावाच्या शेलला ते प्रश्नचिन्ह फाइलच्या नावातलं वाटतं, नो मॅचेस फाउंड म्हणतो आणि रिक्वेस्ट घराबाहेरच पडत नाही. उपाय काय, तर अख्खा यूआरएल सिंगल कोट्समध्ये. बस.

आता उत्तर आलं. एकाच ओळीत सलग जेसन, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेला डेटा, डोळे फिरतात, म्हणून पाइप करून, म्हणजे मध्ये उभी रेघ टाकून, जेक्यू नावाच्या कमांडला द्या, तो नीट मांडून दाखवतो. दिसतंय की नऊ वाजताच्या रकान्यात जोरदार पाऊस आहे. तुम्ही म्हणाल सकाळी नऊ, म्हणजे ऐन लोकलच्या गर्दीत, आज घरूनच काम करतो! थांबा. ही एपीआय वेगळं सांगितलं नाही तर वेळ जीएमटीमध्ये देते, म्हणजे आपल्याकडे तो पाऊस दुपारी अडीचचा. टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता पाठवलं की झालं. आणि टाइमझोन जीएमटी आहे हे त्याच उत्तरात वरच्या बाजूला लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण, कोडमध्ये आपण सरळ अवरलीवर उडी मारतो.

दुसरी सवय लावा कर्लला डॅश व्ही जोडायची. त्याने दोन्ही बाजूंचं बोलणं दिसतं, आपण पाठवलेल्या हेडरच्या, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या, ओळींपुढे ग्रेटर दॅनचं चिन्ह, तिकडून आलेल्यांपुढे लेस दॅनचं. ४०१ आलं तर तू कोण हे सर्व्हरला पटलेलं नाही, बहुतेक टोकन, म्हणजे ओळख पटवणारा कोड, गेलंच नाही, डॅश व्हीमध्ये लगेच दिसेल. ४०३ म्हणजे ओळख पटली तरी परवानगी नाही. ४२९ म्हणजे तू फार घाई करतोयस, अशा वेळी रिट्राय-आफ्टर हेडर आलाय का बघा आणि तेवढं थांबा, लूप लावून ठोकत बसू नका.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला अजिबात आवडत नाही, ४०४ आलं तरी कर्लच्या दृष्टीने काम फत्ते, एक्झिट कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. रात्रीच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, स्क्रिप्ट टाकली असेल तर एररचं पान डेटा म्हणून साठत राहतं आणि कोणाला पत्ता नाही. स्क्रिप्टमध्ये डॅश एफ लावाच, मग ४०० किंवा वरचं काही आलं की कोड २२ मिळतो.

कोणीतरी विचारलं, पोस्टमन वापरू का? वापरा की, तेही एपीआयला रिक्वेस्ट पाठवायचंच अ‍ॅप आहे, फक्त खिडक्या-बटणांचं. २०१२ मध्ये क्रोमचं एक्स्टेन्शन म्हणून सुरू झालेलं ते, आपल्याच बंगळुरूत. लॉगिन करून टोकन घ्या, ते पुढच्या रिक्वेस्टला लावा, असा लांबलचक प्रकार असेल किंवा टीमला सगळं वाटायचं असेल तर तेच सोयीचं. मी काय करतो, डॉक्युमेंटेशन वाचताना कर्ल आणि काम वाढलं की पोस्टमन.

आणि ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये राइट क्लिक करून कॉपी अ‍ॅज कर्ल मिळतं, फार भारी सोय आहे. पण त्यात तुमच्या लॉगिनची कुकीसुद्धा येते! ते तसंच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कोणी बघा रे" म्हणून टाकलं तर घराची किल्लीच टाकली समजा.

शेवटचा प्रश्न चांगला आहे, कर्लने उत्तर येतं पण वेबपेजवरच्या जावास्क्रिप्टला मिळत नाही, असं का? कारण कॉर्सची, म्हणजे दुसऱ्या साइटचं उत्तर पानाला वाचू द्यायचं की नाही याची, अट ब्राउझर पाळतो, कर्लला तिच्याशी देणंघेणं नाही. तेव्हा कर्लमध्येच डॅश एचने (कॅपिटल एच) ओरिजिन हेडरमध्ये तुमच्या साइटचा पत्ता द्या, डॅश आय (स्मॉल आय) लावा, आणि परत येणाऱ्या हेडरमध्ये अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन आहे का बघा. नसेल तर तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये कितीही खटाटोप केलात तरी उपयोग नाही, ती रिक्वेस्ट तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवावी लागेल.