वाटीभर तेल

[दृश्य: सकाळ. कोथरूडमधल्या एका इमारतीचा चौथा मजला. बाथरूमच्या दारात पाट.]

मालिशवाल्या मावशी पाटावर बसतात. पाय लांब पसरतात, साडी गुडघ्यांवर घेऊन खोचतात. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली. एक थेंब आधी स्वतःच्या मनगटावर, मग सव्वा महिन्याचं बाळ नडग्यांवर उताणं.

आधी पाय, मग हात, छाती. पोटावर तळवा गोल फिरतो, घड्याळाच्या काट्यासारखा. मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. बाळ टाहो फोडतं.

"मावशी, जरा हळू..."

"अगं, रडू दे थोडं. रडलं की छाती मोकळी होते."

छातीचं माहीत नाही. पण पोटावर हात असाच का फिरवायचा, हे विचारलं तर मावशी म्हणतात, सासूनं शिकवलं. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं. मावशींचा हात नेमका त्याच वाटेनं जातो. त्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या.

[दृश्य: बाळाच्या पाठीवरून फिरणारे हात, जवळून.]

मालिशचा इतिहास सांगायचा तर ग्रंथांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. चरकसंहितेत अभ्यंगाला तीन उपमा दिल्या आहेत: तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण दिलेला गाडीचा आस. अंगाला तेल लावलं की शरीर तसंच चिवट होतं, कष्ट सोसतं. तिन्ही उपमा कुंभार, चांभार आणि गाडीवान यांच्या रोजच्या कामातल्या आहेत. आयुर्वेदाचा दुसरा मोठा ग्रंथकार वाग्भट म्हणतो, अभ्यंग रोज करावा. डोकं, कान आणि पाय यांना विशेष. आपण तो नरकचतुर्दशीच्या पहाटे उरकतो आणि पुढच्या दिवाळीची वाट पाहतो! अजीर्ण झालेल्यानं आणि कफानं बेजार असलेल्यानं तेल लावू नये, हेही वाग्भटानंच सांगून ठेवलंय. ते सहसा कुणी सांगत नाही.

'मालिश' हा शब्द फारसीतून आला. 'चंपी' मात्र इथून बाहेर गेली, आणि फार लांब गेली.

[दृश्य: इंग्लंडमधल्या ब्रायटनचा समुद्रकिनारा, जुनं चित्र.]

पाटण्यात 1759 साली जन्मलेले दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात होते. तिथून आयर्लंड, मग लंडन. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी खाण्याचं दुकान काढलं. ते बुडालं. मग ब्रायटनला त्यांनी वाफेच्या स्नानाचं घर थाटलं. गिऱ्हाइकाला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचं, औषधी वाफ सोडायची आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात घालून अंग रगडायचं. याला ते 'शाम्पूइंग' म्हणत. म्हणजे आपलं चांपणं, दाबणं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' झाले. बऱ्या झालेल्या लोकांनी टाकून दिलेल्या कुबड्या त्यांनी स्नानगृहात टांगून ठेवल्या होत्या. जाहिरात कशी करावी, हे त्यांना बरोबर कळत होतं. पुढे तो शब्द केस धुण्यापुरता उरला आणि बाटलीत भरून आपल्याकडे परत आला.

पार्लरच्या दरपत्रकावर असतो तो 'स्वीडिश मसाज'. त्याचं श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. पण चोळणं, मळणं, थापटणं यांची फ्रेंच नावं रुळवली ती योहान मेझगर या डच डॉक्टरांनी. खुद्द स्वीडनमध्ये त्याला नुसतं 'क्लासिक मसाज' म्हणतात.

आणि 1894 मध्ये लंडनच्या मसाज पार्लरांची बदनामी झाली, तेव्हा काही परिचारिकांनी आपलं काम वेगळं दिसावं म्हणून प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची आजची संस्था म्हणजे तीच.

[दृश्य: नवजात अतिदक्षता विभाग. काचेची पेटी, आत हातमोज्यातला हात.]

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हात लावू नये, असा दवाखान्यांचा बरीच वर्षं दंडक होता. 1986 मध्ये मायामीतल्या टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अशा 40 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या बाळांना दिवसातून तीनदा, 15-15 मिनिटं, 10 दिवस मालिश. दूध सगळ्यांना सारखंच. मालिश झालेल्या बाळांचं वजन रोज 47 टक्के जास्त वाढलं आणि ती सुमारे सहा दिवस आधी घरी गेली. पुढच्या अभ्यासांत दिसलं की नुसतं गोंजारून भागत नाही, हाताला थोडा दाब लागतो. दाबामुळे मेंदूतून पोटाकडे जाणारी व्हेगस नस जागी होते, जठराची हालचाल वाढते, असं संशोधक सांगतात.

मुंबईच्या सायन रुग्णालयात झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशनं बाळांचं वजन जास्त वेगानं वाढल्याचं दिसलं. तो 2005 मध्ये प्रसिद्ध झाला.

[दृश्य: कोल्हापूरची तालीम. लाल मातीचा हौदा.]

मोठ्यांचं काय? तालमीत मेहनत झाली की पैलवान एकमेकांना रगडतात. त्यानं अंगातली 'घाण' निघून जाते, हे खरं नाही. मेहनतीनं स्नायूंत तयार होणारं लॅक्टिक आम्ल तर व्यायामानंतर तासाभरात आपसूक कमी होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका मालिशनं हलका होतो. कंबरदुखीलाही काही दिवसांचा उतार पडतो. काही दिवसांचाच, मणक्याचा आजार त्यानं बरा होत नाही.

[दृश्य: पुन्हा कोथरूड. बाळ धुरी घेऊन झोपलंय.]

आता बाळंतिणीची पाळी. मावशी आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहतात.

हे पाहणं फार महत्त्वाचं. बाळंतपणानंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. एकच पोटरी सुजली, लाल झाली, दुखत असेल, तर तिला हात लावायचा नाही. तडक डॉक्टर गाठायचा. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. सिझेरियन झालं असेल तर टाके भरेपर्यंत पोट दाबायचं नाही. आणि बाळाच्या नाकात, कानात तेल? मावशी पूर्वी घालायच्या. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं, असं मुलांच्या डॉक्टरांनी सांगितल्यापासून बंद केलं. टाळूवर मात्र अजून भरतात.

साडेनऊ. अजून दोन घरं बाकी आहेत. लिफ्ट बंद. मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकतात, वाटीच्या तळाशी राहिलेलं तेल बोटांनी निपटून घेतात आणि स्वतःच्या उजव्या गुडघ्याला चोळतात.