पासवर्ड बरोबर, तरी आत घेईना

(दृश्य: लॉगिनची चौकट, अगदी जवळून. पासवर्डचे काळे ठिपके उमटतात.)

निवेदन:
नाव बरोबर. पासवर्ड बरोबर. एंटर मारलं की पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तीच चौकट समोर. पासवर्ड चुकला असता तर संगणकानं तसं सांगितलं असतं. इथे तो काहीच बोलत नाही. आत घेतो आणि लगेच बाहेर काढतो.

(दृश्य: नागपूर, महाल. वाचनालयाचा जिना, वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीत घरघरणारा कूलर.)

महालातल्या एका वाचनालयाची ही संगणक-खोली. मे महिना आहे, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं दुपारभर इथेच असतात. अभ्यासासाठी म्हणा की कूलरसाठी म्हणा. सगळ्या मशीन जुन्या, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स प्रणाली. एकेका मशीनवर पाच-सहा जणांची खाती, आणि त्या खात्यांत महिनोन्‌महिन्यांच्या नोट्स.

झालं ते एवढंच. एका मुलीच्या नावातलं स्पेलिंग दुरुस्त करायचं होतं. त्यासाठी कुणीतरी खाती सांभाळणारं एक साधन वेगळं टाकून घेतलं होतं. माउसनं चालणारं, दिसायला छान. खिडकी उघडली, नाव बदललं, 'ठीक आहे' दाबलं. साधनानं त्या एका नावाऐवजी खात्यांची सगळी यादीच नव्यानं लिहून काढली, आणि लिहिताना घोळ घातला. एकाचा क्रमांक बदलला, दुसऱ्याचं खातं कुलूपबंद झालं, आणि ज्यांच्याकडे मशीनचा कारभार होता त्या ग्रंथपाल मॅडमचे अधिकारच गेले. आता त्यांनी काही करायला घेतलं की मशीन उत्तर देते, तुम्ही अधिकृत यादीत नाही, ही घटना नोंदवली जाईल. वर्षानुवर्षं मशीन सांभाळणाऱ्या बाईंना हे ऐकवायचं, म्हणजे कमालच.

(दृश्य: दुरुस्तीला आलेले गृहस्थ खुर्ची ओढून बसतात. मागे दोन-तीन मुलं उभी.)

मुलगा: "दादा, फॉरमॅट मारून टाकू का? बाजूच्या दुकानवाले तेच म्हणून राहिले."

दुरुस्तीवाले: "काहून मारता बाप्पा? तुमच्या नोट्स जिथल्या तिथं हायेत. फक्त नोंदवही बिघडली."

निवेदन:
नोंदवही म्हणजे साध्या मजकुराच्या तीन फाइली. पहिली 'पासडब्ल्यूडी'. तिच्यात प्रत्येक खात्याची एक ओळ आणि प्रत्येक ओळीत विसर्गासारख्या दिसणाऱ्या दोन टिंबांनी तोडलेले सात रकाने: नाव, पासवर्डच्या जागी एक फुली, खाते क्रमांक, गट क्रमांक, पूर्ण नाव, घर-फोल्डरचा, म्हणजे त्या खात्याच्या फाइली राहतात त्या फोल्डरचा पत्ता आणि शेवटी शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा घेणारा प्रोग्रॅम. पासवर्ड खरं तर दुसऱ्या फाइलीत असतो, 'शॅडो'त, तोही उलटा सोडवता न येणारी गुंतवळ करून; सामान्य वापरकर्त्याला ती वाचता येत नाही. तिसरी फाइल 'ग्रुप'. कोण कोणत्या गटात, ते तिच्यात. उबुंटूमध्ये कारभाराचे अधिकार याच फाइलीतून मिळतात. २०१२ सालच्या १२.०४ आवृत्तीपासून त्या गटाचं नाव 'सुडू'. त्याआधी 'अ‍ॅडमिन' होतं.

(दृश्य: मशीन पुन्हा सुरू होते. शिफ्ट दाबून धरलेलं बोट. काळा मेनू.)

मॅडमचे अधिकार गेले, आणि उबुंटूत रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा पासवर्ड मुळात ठेवलेलाच नसतो. मग आत जायचं कुठून? मशीन सुरू होताना शिफ्ट धरलं की हा मेनू येतो. नव्या मशीनवर एस्केप. त्यातला 'रिकव्हरी मोड' निवडला, पुढे 'रूट'. पासवर्ड न विचारता थेट रूट. हो, कुणालाही. म्हणून संगणक-खोलीला कुलूप लावणं हाही सुरक्षेचाच भाग.

इथे डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडलेली असते. एक आज्ञा देऊन ती लिहिण्यासाठी खुली करायची. आणि लगेच दुरुस्तीला लागायचं नाही. आधी बिघडलेल्या फाइली आहेत तशाच वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायच्या. बिघडलेलीसुद्धा नोंद आहे, ती हातची घालवू नये.

(दृश्य: पडद्यावर फाइलींची यादी. 'पासडब्ल्यूडी' आणि तिच्याखाली शेपटीला एक आडवी रेघ असलेली 'पासडब्ल्यूडी-'.)

ही शेपटीची रेघ नीट पाहा. खात्यांत बदल झाला की आधीची प्रत या नावानं बाजूला राहते. प्रत एकच आणि फक्त एक पाऊल मागची. म्हणून गडबड दिसल्यावर त्याच खिडकीत पुन्हा पुन्हा 'ठीक आहे' दाबणं घातक: चांगली प्रत जाते आणि तिच्या जागी बिघडलेली बसते. या मशीनवर नेमकं तेच झालं होतं. बटण घाबरून आणखी एकदा दाबलेलं.

मग दुसरा आडोसा. डेबियन आणि त्यावर उभं असलेलं उबुंटू, दोन्हींच्या जुन्या आवृत्त्यांत रोजच्या ठरावीक कामांमध्ये एक काम असतं, या फाइलींची प्रत 'व्हार'मधल्या 'बॅकअप्स' फोल्डरमध्ये ठेवण्याचं. तिथे बिघाडाच्या आधीची प्रत सापडली.

मुलगा: "मग तीच उचलून ठेवा ना."

दुरुस्तीवाले: "अन् त्यानंतर ज्या पोराचं नवीन खातं काढलं, त्याचं का करू?"

निवेदन:
म्हणून 'डिफ'. जुनी आणि नवी फाइल एकमेकांसमोर धरून जिथे फरक असेल तेवढंच दाखवणारी आज्ञा. तिथे सगळं उलगडतं.

(दृश्य: दोन ओळी, एकाखाली एक. तिसऱ्या रकान्यावर बोट.)

वरच्या, जुन्या ओळीत खाते क्रमांक १००३, खालच्या, नव्या ओळीत १००७. सामान्य वापरकर्त्यांचे क्रमांक इथे १००० पासून सुरू होतात. प्रत्येक फाइलीचा मालक डिस्कवर नावानं लिहिलेला नसतो, या क्रमांकानं लिहिलेला असतो. घर-फोल्डर अजून १००३ चं, मुलगा मात्र आता १००७. पासवर्ड जुळला, सत्र सुरू झालं, पण सत्राला घर-फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहावी लागते. ती लिहिता येत नाही, आणि सत्र तिथेच संपतं. सुरुवातीला दिसलेला काळा पडदा तो हाच.

पुष्कळ जण इथे घर-फोल्डरची मालकी १००७ वर फिरवतात. त्यानं लॉगिन होतं, पण त्या मुलाच्या फाइली घराबाहेरही असतात. वाचनालयाच्या सामायिक फोल्डरमध्ये त्या १००३ च्याच नावानं अनाथ पडून राहतात. क्रमांकच मूळचा केला की एकाही फाइलीला हात लावावा लागत नाही. हे काम 'व्हीआयपीडब्ल्यू' या खास याच फाइलींसाठीच्या आज्ञेतून करायचं, म्हणजे आपण लिहीत असताना खाती बदलणाऱ्या नेहमीच्या इतर आज्ञा त्या फाइलीत हात घालत नाहीत.

कुलूपबंद खात्याचंही तसंच. 'शॅडो'मधल्या त्याच्या ओळीत, पासवर्डच्या रकान्यात नुसतं उद्गारचिन्ह उरलं होतं. नवा पासवर्ड देणं सोपं, पण जुन्या प्रतीतली ओळ जशीच्या तशी आणली तर मुलाचा जुनाच पासवर्ड चालू होतो. तो काय आहे हे दुरुस्त करणाऱ्यालाही कळत नाही. शिवाय क्रोमसारख्या ब्राउझरचे साठवलेले पासवर्ड उघडणारी चावी ज्या कीरिंगमध्ये असते, ते लॉगिनच्या जुन्याच पासवर्डनं उघडतं. बाहेरून नवा दिला की ते अडून बसतं.

एक बारकी खोड राहिली. 'शॅडो' परत ठेवताना तिचा गट 'रूट' झाला होता. तो 'शॅडो' हवा. एवढ्याशा फरकानं लॉगिन होतं, पण कुलूपबंद पडदा उघडत नाही, कारण पडद्याचं कुलूप ज्या छोट्या प्रोग्रॅमकडून पासवर्ड तपासून घेतं तो 'शॅडो' गटाच्या जोरावरच ही फाइल वाचतो. यात चांगला वेळ गेला.

(दृश्य: कीबोर्ड. बोटं थांबतात.)

आता मॅडमचे अधिकार. आज्ञा 'युझरमॉड', पुढे 'मायनस ए जी', पुढे 'सुडू'. यातला 'ए' गाळला तर माणूस नव्या गटात जातो आणि मुख्य गट सोडून जुन्या सगळ्या गटांतून निघतो. नव्वद टक्के काम चोख करून इथे घसरलेले लोक कमी नाहीत. सगळं झाल्यावर तपासणीच्या दोन आज्ञा, 'पीडब्ल्यूसीके' आणि 'जीआरपीसीके', फक्त वाचण्याच्या पर्यायासह. तुटकी ओळ, नसलेलं घर, दोनदा आलेलं नाव, हे त्या दाखवून देतात.

(दृश्य: मॅडम लॉगिन करतात. डेस्कटॉप उघडतो. मागे मुलांचा गलका.)

मॅडम: "झालं बाई एकदाचं. अन् ते खिडकीवालं काढलं का?"

दुरुस्तीवाले: "पहिले तेच काढलं, मॅडम. आता नवीन खातं काढायचं तर 'अ‍ॅडयुझर'. टर्मिनलात. लिहून देतो."

निवेदन:
एका मुलीचं खातं अजून राहिलंय. तिनं घर-फोल्डर एन्क्रिप्ट केलं होतं, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असं, आणि बिघाडानंतर कुणीतरी मदत म्हणून तिला नवा पासवर्ड देऊन टाकला. लॉगिन होतं, फोल्डरमध्ये फाइली दिसत नाहीत. ज्या चावीनं त्या उघडतात ती जुन्या पासवर्डमध्ये गुंडाळलेली आहे, आणि तो रूटलाही काढता येत नाही. मुलीला तो आठवतो, पण शेवटचा आकडा दोन होता की तीन, यावर मैत्रिणीशी वाद चालू आहे. दोन्ही वापरून बघायला आज्ञा तयार ठेवली आहे.