पट्टा कुणी काढला?

(गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मंडळी, नमस्कार. माइक जरा खाली घेता का? आधीचे वक्ते उंच असावेत. हं, आता ठीक.

पत्रिकेत विषय छापलाय तो असा: ‘मुलांच्या हालचालींचं मोजमाप: यंत्र किती वेळ बांधावं?’ हे वाचूनही शनिवारी संध्याकाळी घराबाहेर पडणारी माणसं नाशकातच सापडतात. अर्थात काही जण खालच्या साडी प्रदर्शनाला आलेत आणि पंख्यासाठी वर येऊन बसलेत, तेही दिसतंय मला. त्यांच्या पिशव्या दिसतायत. बसा, बसा. पंखा सगळ्यांचा आहे.

आधी एक सांगा, किती जणांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा आहे? अरे वा. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी बघावं तर निम्मा नाशिक मनगटाकडे बघत चालत असतो. आमचे एक शेजारी दहा हजार पावलं भरली की तिथेच थांबतात. मग घरी? घरी रिक्षाने. वाटेत मिसळ. बरं, हा दहा हजारांचा आकडा कुठून आला? १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक उपकरण बाजारात आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आधी नाव, मग विक्री आणि त्यानंतर लोकांनी त्याचं शास्त्र शोधायला घेतलं. आमचे शेजारी हे ऐकून घेत नाहीत. ते आज आले आहेत, म्हणून पुढे जाते.

तर हेच शेजारी एकदा चेहरा पाडून आले. म्हणाले, “काल शून्य पावलं.” म्हटलं, आजारी होतात का? “छे हो! पट्टा चार्जिंगला लावला आणि विसरलो.” मग चाललात ना? “चाललो, पण ते धरत नाहीत ना!” मंडळी, माझा विषय एवढाच आहे. ज्याला हे वाक्य कळलं त्याने उठून साड्या बघितल्या तरी चालेल.

मुलांच्या अभ्यासात हे मनगटी घड्याळ फारसं नसतं. काडेपेटीएवढी एक डबी असते, इलॅस्टिकच्या पट्ट्यात ओवून कमरेला, उजव्या बाजूला बांधायची. आत ॲक्सेलरोमीटर. हिसका किती बसला, हे तो सेकंदाला कितीतरी वेळा टिपतो आणि त्याचे ‘काउंट’ करून साठवतो. मोठ्यांसाठी मिनिटामिनिटाची बेरीज चालते. मुलांना ती चालत नाही. १९९५ साली एका अमेरिकी गटाने मुलांकडे नुसतं डोळे लावून बसून नोंदी केल्या. मुलांची जोरकस हालचाल एका दमात किती टिकते? मध्यक, म्हणजे सगळ्या नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला ३ सेकंद. तीन! लगोरी फोडली, पळाला, थांबला, नाक पुसलं, पुन्हा पळाला. मिनिटाची बेरीज घेतली की ते पळणं नाक पुसण्यात विरघळून जातं. म्हणून मुलांसाठी १५ सेकंदांचे किंवा त्याहून बारीक तुकडे घेतात.

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंनी आकडेमोड बघायला बोलावलं. छोटासा अभ्यास होता. एक शाळा शहरातली, एक पेठ रस्त्याकडची. नावं घेत नाही. मला वाटलं घरी बसून फाइल बघायची आणि चहा प्यायचा. पण पट्टे वाटायला माणसं कमी पडली आणि मी ‘पट्टेवाल्या काकू’ झाले. एवढी वर्षं मॅडम म्हणवून घेतल्यावर ही बढती.

पहिली चूक माझी. तारखा मी ठरवल्या, पंचांग न बघता. पट्टा बांधायच्या सात दिवसांच्या मध्ये रंगपंचमी आली! नाशकात रंगपंचमी म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, आठवीतल्या एका पोराने मामाबरोबर धप्पा मारला, पट्ट्यासकट. पट्टा परत आला तो पिवळाधमक. मी ओरडले, तर म्हणतो, “काकू, तुम्हीच म्हणालात ना काढायचा नाही?” पाण्यात जाताना काढायचा, असं सूचनापत्रात लिहिलं होतं. ‘पोहताना किंवा आंघोळीच्या वेळी.’ रहाड ना पोहण्यात बसते, ना आंघोळीत. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. डबी वाचली, पट्टा अजून माझ्याकडे आहे. धुऊन रंग जात नाही.

पण सांगायची गोष्ट दुसरीच आहे. वेळ आहे ना? आहे.

मार्च होता, शाळा सकाळच्या झालेल्या. पेठ रस्त्याकडच्या शाळेतल्या पाचवीच्या एका मुलीचा आलेख माझ्यासमोर आला. सकाळचं सगळं नेहमीसारखं: प्रार्थनेला उभं राहणं, मधल्या सुट्टीत उसळी. आणि दुपारी १ ते ४ एक संथ, सारखी लाट. छोटी, पण न थांबणारी. एक दिवस नाही, चार दिवस. कुठलंही मूल इतकं एकसारखं हलत नाही. मूल काय, पोलिसांचं संचलनसुद्धा इतकं एकसारखं नसतं. आमच्या मार्गदर्शकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “यंत्र बिघडलंय. ओळ काढून टाका.” ‘ओळ काढून टाका’ हे आमच्या क्षेत्रातलं फार लाडकं वाक्य. त्याला ‘डेटा स्वच्छ करणं’ म्हणतात. घर झाडताना बांगडी केरात गेली तरी घर स्वच्छच होतं ना!

मी चौकस बाई. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, एसटी धरली आणि गेले. दुपारची वेळ, दाराशी चपला दोनच, त्याही लहान. आईबाप दिंडोरीकडे द्राक्षं काढायला गेलेले. मार्चमध्ये तिकडच्या घरांत मोठं माणूस सापडत नाही. आत आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत सहा-सात महिन्यांचं बाळ. झोळीची दोरी या मुलीच्या पायाच्या अंगठ्यात. हातात गणिताची वही. अंगठा चाललाय, गणित चाललंय. आणि झोळीच्या खालच्या गाठीला आमचा पट्टा!

मी विचारलं, “इथे का गं बांधलास?” ती आधी घाबरली. मग म्हणाली, “बसल्यावर पोटाला टोचतो. आणि त्या ताई म्हणालेल्या, पट्टा हलता राहिला पाहिजे.”

हसताय? मीही हसले. नंतर नाही हसले. आता बघा, संगणकाच्या मते ही मुलगी रोज दुपारी तीन तास ‘हलकी हालचाल’ करत होती. मार्गदर्शकांच्या मते यंत्र बिघडलं होतं. खरं तर ती बसून होती, पण टीव्हीसमोर बसतात तशी नाही. कामावर बसली होती. बाहेर चिंचेखाली बाकीची पोरं ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं, म्हणजे तिलाही येत असणार. त्या तीन तासांत तिने काय केलं, हे यंत्राला कळलं नाही. पण ती तीन तास खेळायला मोकळी नव्हती, हे त्या पट्ट्याच्या जागेवरून कळलं. मला अख्ख्या अभ्यासात मिळालेली ही सगळ्यात खरी माहिती, आणि ती काढून टाकायच्या ओळीत होती.

त्याच भागातल्या, सावरपाड्याच्या कविता राऊत. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य. डोंगराकडच्या या वाड्या-पाड्यांवर मुली डोक्यावर हंडा घेऊन चढ चढतात, तेव्हा कमरेचं यंत्र काय टिपतं? साधं चालणं. डोक्यावरचं ओझं त्याला कळत नाही, चढही नीट कळत नाही. सरकारच्या मानव विकास योजनेतल्या सायकलीवरून शाळेला जाणारी मुलगी तर त्याच्या मते जवळजवळ बसलेलीच, कारण सायकलवर कंबर फारशी हलत नाही. यावर मी तासभर बोलू शकते...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ अहो, मुख्य मुद्दा अजून पत्रिकेतच आहे! बरं, आता पळते.

किती वेळ बांधलं म्हणजे पुरे? रूढ उत्तर असं: दिवसात निदान १० तास पट्टा अंगावर असेल तर तो दिवस ‘ग्राह्य’. असे निदान ४ दिवस, त्यात एक सुट्टीचा. हे आभाळातून पडलेलं नाही. २००० साली एका अमेरिकी अभ्यासाने पाहिलं की भरवशाचा अंदाज यायला लहान मुलांना ४-५ दिवस पुरतात, किशोरांना ८-९ लागतात. म्हणून सात दिवस बांधा म्हणाले. पुस्तकात वीकेंड शनिवार-रविवार. आपल्याकडे शनिवारी सकाळची शाळा. मग शनिवार कुठे धरायचा? प्रत्येक जण आपापल्या सोयीने धरतो.

आता पट्टा अंगावर होता की नाही, हे कोण ठरवतं? पुन्हा यंत्रच. सलग शून्य आले की संगणक म्हणतो, काढला असेल. किती वेळ सलग? कुणी २० मिनिटं धरतं, कुणी ६०, कुणी ९०. इथे खरी गंमत आहे. मुलगा गोदावरीत पोहायला गेला, पट्टा काठावर, ४५ मिनिटं. ६०चा नियम लावला तर ही ४५ मिनिटं ‘काढला’ या खात्यात जात नाहीत. मग कुठे जातात? ‘बसून होता’ या खात्यात! दिवसातली सगळ्यात दमछाकीची वेळ आळसात जमा. २०चा नियम लावला तर ती वेळ नुसती गळते. पण मग मोबाइलसमोर २५ मिनिटं पुतळ्यासारखं बसलेलं पोरही पट्टा काढलेलं ठरतं आणि त्याचा आळस पुसला जातो. मूल तेच, दिवस तोच, नियम बदलला की मूल बदललं.

आणि १० तास म्हणजे कोणते १० तास? सकाळी ७ ते संध्याकाळी ५ झाले दहा. गणवेश उतरवताना पट्टाही उतरला. मग ५ ते ७ अंगणात जे काय झालं ते हिशेबात नाही, आणि दिवस मात्र ग्राह्य! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी. त्यातली चाळीस मिनिटं खुंटीवर टांगलेल्या पट्ट्याला कशी कळणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीतला २००८ साली छापलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: ६ ते ११ वयाच्या मुलांत ४२ टक्के ही रेघ गाठतात, किशोरांत साधारण ८ टक्के. मोठी घसरण, आणि ती खरी असेलही. पण घरात किशोर असेल त्यांनी सांगावं, पंधरा वर्षांचा मुलगा शर्टाखाली फुगलेली डबी बांधून कॉलेज रोडवर फिरेल का?

यावर उपाय काढले गेले. १२ देशांतल्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, आपल्याकडचं केंद्र होतं बंगळुरू. त्यांनी पट्टा रात्रीही काढू दिला नाही. युक्ती साधी: रात्री काढलाच नाही तर सकाळी घालायचं विसरत नाही. पट्टा अंगावर राहण्याची वेळ दिवसाला २२ तासांच्या वर गेली. अमेरिकेच्या पाहणीने २०११ पासून यंत्र मनगटावर नेलं, चोवीस तास. पट्टा अंगावर राहणं वाढलं, पण मनगटाचे काउंट कमरेच्या काउंटांशी जुळत नाहीत. म्हणजे जुनं-नवं शेजारी ठेवून ‘मुलं आळशी झाली’ म्हणायची सोय गेली. मला त्याचं दुःख नाही.

माझं म्हणणं... हो, दिसली चिठ्ठी, दोन मिनिटं. माझं म्हणणं असं की तास वाढवा, जरूर वाढवा, पण गळालेली मुलं कोण होती ते छापा. कबड्डीला लागेल म्हणून सरांनी ज्याचा काढला, तो गळतो. जिला धुणं-भांडी करताना अडचण झाली, ती गळते. ज्याच्या घरी सकाळी आठवण करायला कुणी नसतं, तो गळतो. उरतात ती सांगितलं तसं वागणारी मुलं, ज्यांच्या आया शाळेच्या दारात उभ्या असतात. त्यांची सरासरी काढून आपण तिला ‘नाशिकची मुलं’ म्हणतो.

दुसऱ्या फेरीत आम्ही एवढंच केलं: मुलांना पाठकोरा कागद दिला. रकाने तीन: कधी काढला, कधी घातला, का. तिसऱ्या रकान्यासाठी मी भांडले होते, कारण तो ‘संगणकात भरता येत नाही’. त्यातल्या थोड्या नोंदी वाचते आणि थांबते. ‘आंघोळ.’ ‘टोचतो.’ ‘आजी म्हणाली देवाजवळ नको.’ ‘दादाला बघायचा होता.’ ‘कबड्डी.’ ‘कबड्डी.’ ‘मार बसला म्हणून.’ ही कुणी, का लिहिली, ते विचारायला मी पुन्हा एसटी धरली, पण ते आज नाही सांगत.

आणि आपल्या झोळीवाल्या मुलीचा कागद. पहिले दोन रकाने कोरे. तिसऱ्यात, रेघेच्या बाहेर जाऊन: ‘काढला नाही. झोळीला आहे. बाळ उठलं की घालीन.’

या ओळीला फाइलमध्ये कोणता कोड द्यायचा, ते मी अजून ठरवलेलं नाही. पिवळा पट्टा टेबलावर ठेवते, ज्यांना बघायचाय त्यांनी बघा. खाली प्रदर्शन साडेआठपर्यंत आहे म्हणे.