चित्रं विकून सतरंज्या

(दृश्य: शाळेचं पटांगण. उन्हात पसरलेली कागदं, प्रत्येकावर एक खडा.)

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातल्या या शाळेत आम्ही कॅमेरा घेऊन पोचलो, तेव्हा मुख्याध्यापक पटांगणात उकिडवे बसून दाखल-खारीज रजिस्टरची पानं वाळवत होते. एक पान सुटं करायचं, उलटं पसरायचं, वर खडा ठेवायचा. जुन्या पानांवरच्या टाकाच्या शाईतल्या नोंदी पाण्यानं पसरून निळे ढग झालेले. बॉलपेनच्या नोंदी मात्र जागच्या जागी होत्या. आमच्यासोबत लातूरहून आलेले चित्रकलेचे सर खाली वाकले. "तेलकट शाई हाय, म्हणून टिकली," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी मान वर केली. पूर येऊन गेल्यापासून शाळेत येणाऱ्या माणसानं शाईबद्दल बोलावं, हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं असावं.

सप्टेंबर २०२५. सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी, मराठवाड्यातल्या जवळपास सगळ्याच नद्या एकदम पात्राबाहेर आल्या. परंडा आणि भूम भागातल्या गावांमधून माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. ते गेलंच, पण त्याखालची काळी मातीही गेली. रान खरडून गेलं, असं इथे म्हणतात. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं. माती कुठून आणायची?

हा तोच मुलूख, जिथे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. त्या वर्षी लातूरच्या पोरांनी निसर्गचित्राच्या तासाला डोंगर-सूर्य सोडून रेल्वे काढल्या होत्या, असं सर सांगतात. डब्यांवर थेंब काढलेले.

(दृश्य: लातूर. शाळेची चित्रकला खोली. फळ्यावर अर्धवट पुसलेलं स्मरणचित्र.)

कलाशिक्षकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे फॉर्म, सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि कुणाच्या तरी निवृत्तीचे फोटो असतात. पूर आला त्या आठवड्यात एकानं लिहिलं, "आपण चित्रांचं प्रदर्शन भरवू. विक्रीचे पैसे पूरग्रस्तांना देऊ." पटापट अंगठे आले, जोडलेले हात आले. मग सरांनी दोनच शब्द टाकले.

"कुणाला? कशासाठी?"

ग्रुप दिवसभर गप्प होता.

सर असे खवचट का, हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. सरांचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या शेजारचं. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गावानं रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवला, माणसं दमून झोपली आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर आल्या. सर तेव्हा नऊ वर्षांचे होते. त्या पहाटेबद्दल ते कॅमेऱ्यासमोर बोलत नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

त्यानंतर आलेल्या मदतीबद्दल मात्र ते भरभरून बोलतात. "ट्रकच्या ट्रक कपडे. रस्त्याच्या कडेला ढीग. मला एक लोकरी कोट मिळाला, गुडघ्याच्या खाली येणारा. एवढाली बटणं. ऑक्टोबरचं ऊन, वर पत्र्याचं शेड, आणि अंगात कोट!" ते हसतात. "शेवटी आजीनं तो शेळीच्या करडांखाली अंथरला. करडं लई खूश."

देणाऱ्यांचा राग नाही त्यांना. कोट देणाऱ्या माणसानं कदाचित घरातला सगळ्यात चांगला कोट दिला असेल, असंही ते म्हणतात. पण वर्गात पोरांना ते जे सांगतात तेच त्यांनी ग्रुपवरही लिहिलं. आधी वस्तू बघायची, मग रेघ ओढायची. न बघता काढलेला तांब्या तांब्यासारखा दिसत नाही.

म्हणून चित्राला कुणी हात लावायच्या आधी तिघं जण एसटीनं परंड्याकडे गेले. दोन शाळा बघितल्या. विचारलं, काय पाहिजे?

कलाशिक्षकांची अपेक्षा होती की रंगपेट्या मागतील, वह्या मागतील. वह्या आधीच आल्या होत्या. एका शाळेत तर इतक्या, की ठेवायला कोरडी जागा नव्हती. मुख्याध्यापक जरा संकोचून म्हणाले, "सतरंज्या मिळाल्या तर बघा. सगळ्या गाळात गेल्या. धुतल्या तरी वास जात नाही. पोरं ओल्या फरशीवर बसायलेत. आणि खिचडीचं मोठं पातेलं एक."

सतरंज्या आणि पातेलं. प्रदर्शनाचा हेतू ठरला. एका उत्साही शिक्षकाला हे फारच किरकोळ वाटलं. पत्रिकेवर 'सतरंज्यांसाठी चित्रप्रदर्शन' कसं छापायचं? शेवटी तसंच छापलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्या आकड्याशेजारी हे प्रदर्शन ठेवलं तर डोळ्यालाही दिसणार नाही, हे या मंडळींना ठाऊक होतं. पण पंचनाम्यात हेक्टर येतात, जनावरं येतात, पडलेली घरं येतात. कुजलेली सतरंजी कुणाच्या नावावर लिहायची?

(दृश्य: हात. पाण्यात बुडणारा ब्रश. क्वार्टर इंपिरियल कागदावर पसरणारा रंग.)

आता चित्रं. इथेच खरी भांडणं झाली आणि आमच्या मते तीच बघण्यासारखी होती.

पहिल्या आठवड्यात आलेली निम्मी चित्रं सारखीच. कपाळाला हात लावलेला शेतकरी, मागे पाणी, वर काळे ढग. एकात शेतकऱ्याच्या डोळ्यांतून निघालेल्या अश्रूची पुढे नदी झालेली. सरांनी ते चित्र बराच वेळ हातात धरलं. काढणारा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता कला महाविद्यालयात शिकतो. त्याला त्यांनी झैनुल आबेदिन यांची चित्रं दाखवली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कोलकात्याच्या फूटपाथवर मरणारी माणसं आबेदिन यांनी काळ्या शाईनं, स्वस्तातल्या कागदावर काढली. तेव्हा ते तिथल्या सरकारी कला विद्यालयात शिकवत होते. म्हणजे तेही मास्तरच.

पोरगा म्हणाला, "सर, मीही दुःखच काढलंय की."

"त्ये रस्त्यावर उभे होते. तू मोबाईलवरचा फोटो बघून काढायलास."

पुढच्या खेपेला तो पोरगा परंड्याला गेला. दोन दिवस राहिला. परत आला तेव्हा त्याच्या वहीत रडणारं कुणीच नव्हतं. बाभळीच्या शेंड्याला अडकलेला कडबा होता. दोरीवर वाळत घातलेली पोरांची पुस्तकं होती. दावणीचा रिकामा खुंटा होता. फक्त पेन्सिल, रंग नाही. आमच्या कॅमेरामननं ती वही उलगडली आणि शूटिंग करायचं विसरला.

आणखी एक कल्पना निघाली होती, पुराचा गाळ रंग म्हणून वापरायची. कल्पना चलाख होती, खोटं कशाला बोला, आम्हालाही आवडली. कॅमेऱ्यात छान दिसलं असतं. निलंग्याच्या बाईंनी एका वाक्यात ती निकालात काढली. "ती माती कुणाच्या तरी रानातली हाय. त्याला विचारलाव का?"

याच बाईंनी पैशांचाही विषय काढला. मदतीच्या प्रदर्शनात चित्रकारानं सगळंच फुकट द्यायचं, असं न बोलता ठरलेलं असतं. बाई तासिका तत्त्वावर शिकवतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर नाहीत. त्या म्हणाल्या, "चित्र मी देते. कागद आणि रंगाचे पैसे मला परत लागतील." खोलीत शांतता. कुणीतरी खोकलं. मला ते त्या बैठकीतलं सगळ्यात धीट वाक्य वाटलं. दान करताना आपली ऐपत सांगणं सोपं नसतं, आणि मास्तर लोकांत तर नाहीच. शेवटी ठरलं की ज्याला हवा त्यानं साहित्याचा खर्च घ्यावा, बाकीचं सगळं मदतीला, आणि हे चित्रामागच्या चिठ्ठीवर उघड लिहावं. खर्च मागणारे चौघं निघाले. आधी चौघांनाही वाटत होतं की आपण एकटेच आहोत.

फ्रेमचा विषय पाच मिनिटांत संपला. काच-फ्रेम केली तर चित्रापेक्षा फ्रेम महाग. म्हणून फक्त माउंट, वर प्लॅस्टिक, आणि सुतळीला चिमटे.

(दृश्य: हॉल. सुतळ्यांवर ओळीनं चित्रं. पंख्याच्या वाऱ्यानं हलतायत.)

उद्घाटन. शाल-श्रीफळ द्यायचं नाही, त्यातही पैसे जातात, असं ठरलं होतं. पाहुण्यांना ते कळवलंही होतं. पाहुण्यांचे कार्यकर्ते स्वतःच हार घेऊन आले. फोटो झाले. चाळीस मिनिटं भाषण झालं, त्यात चित्र हा शब्द एकदा आला. पाहुणे गेल्यावर हॉल निम्मा रिकामा झाला आणि मग प्रदर्शन सुरू झालं.

विकलं काय गेलं? सगळ्यात आधी पद्मपाणी. मराठवाड्यात कुठलंही चित्रप्रदर्शन भरवा, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तिथे असतोच. एका निवृत्त शिक्षकांनी जलरंगात केलेला, तो पहिल्या तासात गेला. मग परंड्याच्या किल्ल्याचा बुरूज. मग पोळ्याची सजलेली बैलजोडी. मुलांची चित्रं तर कमी किमतीमुळे जोड्याजोड्यांनी गेली. पुराची चित्रं लोक थांबून बघत, चकचक आवाज करत, आणि शेजारचं कमळ विकत घेत.

नव्या चित्रकारांना याचं फार वाईट वाटलं. सरांना नाही. "दिवाणखान्यात पूर कोण लावंल? घेणाऱ्यानं चित्र आवडलं म्हणून घ्यावं. कीव आली म्हणून घेतलेलं चित्र कपाटाच्या मागं जातंय." मला हे पूर्ण पटलं नाही, अजूनही नाही. पण पावतीपुस्तक त्यांच्या बाजूनं बोलत होतं.

दुपारी एक शेतकरी आला. भूमकडचा, लेकीकडे लातूरला आलेला. डोक्यावर टोपी, हातात पिशवी. तो औत धरलेल्या बैलाच्या चित्रासमोर थांबला तो हलेचना. आम्ही कॅमेरा सुरू केला. आम्हाला वाटलं, आता डोळे पुसेल. वाहून गेलेल्या बैलांची आठवण सांगेल.

तो म्हणाला, "वेसण कुठाय?"

चित्र काढणाऱ्या बाई पुढे आल्या.

"बिनवेसणीचा बैल औताला धरलाव जी. ह्यो आवरतोय व्हय तुम्हाला?"

हॉल हसला. बाईंनीही कपाळावर हात मारला. चित्र एका दुकानदारानं आधीच घेतलेलं. त्याला विचारलं, त्याची हरकत नव्हती. बाईंनी तिथेच टेबलावर बारीक ब्रश काढला. म्हातारा बाजूला उभा राहून सांगत होता, नाकातून अशी, शिंगांच्या मागून अशी, हां, आता बरं. त्याचे स्वतःचे बैल आहेत का गेले, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. जाताना दहा रुपयांची नोट टेबलावर ठेवून गेला. पाहुणे सोडून प्रत्येकाला पावती द्यायचीच, असा नियम होता. त्याच्यामागे पावती घेऊन एक पोरगा जिन्यापर्यंत पळाला.

(दृश्य: गंजगोलाई. सोळा रस्त्यांची गर्दी. दुकानात उलगडणाऱ्या सतरंज्या.)

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि कलाशिक्षकांनी त्यातले बरेच पालथे घातले. सतरंजी विकत घ्यायला पाच कलाशिक्षक गेले तर काय होतं, ते आम्ही बघितलं. रंगावरून वाद झाला. दुकानदार म्हणाला, "सर, बसायचंय का टांगायचंय?" शेवटी निळ्या पट्ट्यांच्या घेतल्या. जाड सुताच्या, धुवायला बऱ्या. पातेलं भांड्याच्या दुकानातून, झाकणासकट. शाळेचं नाव त्यावर घालून घ्यायचं का, असं भांडेवाल्यानं विचारलं. शाळेचं घाला, सर म्हणाले, आमचं नको.

परंड्याच्या शाळेत सतरंज्या उतरवल्या तेव्हा कुठलाही कार्यक्रम झाला नाही. परिपाठ संपला, पोरांनीच त्या वर्गात नेल्या. दोघं-दोघं धरून, झटकून, भिंतीला कड लावून. एक लहानगी सतरंजीवर बसली, उठली, पुन्हा बसली. मुख्याध्यापकांनी साठा रजिस्टरमध्ये नोंद केली. बॉलपेननं.

(दृश्य: लातूर बसस्थानक. संध्याकाळ. एसटीत चढणारे सर, काखेत मोठं भेंडोळं.)

उरलेली चित्रं सर धाराशिवला घेऊन चाललेत. तिथल्या कलाशिक्षकांना प्रदर्शन भरवायचंय, भूमच्या एका शाळेसाठी. कशासाठी, ते अजून ठरायचंय. उद्या सकाळी दोघं जण विचारायला जाणार आहेत. उरलेली म्हणजे बहुतेक पुराचीच. बाभळीवरचा कडबा, दोरीवरची पुस्तकं, रिकामा खुंटा. सगळी एकत्र गुंडाळून सुतळीनं बांधलेली. भेंडोळं एवढं लांब की दोन सीटांवर आडवं पडलंय.

कंडक्टर तिकीट मशीन घेऊन सरांपर्यंत येतात. भेंडोळ्याकडे बघतात.

"काय हाय ह्यात?"

"पूर हाय," सर म्हणतात.

"मंग लगेज लागंल," कंडक्टर म्हणतात आणि मशीनचं बटण दाबतात.