बॅगेत न मावलेली मुलगी

आजचा विषय ‘नोंद’ असा जाहीर झालाय. त्याकडे येतेच, पण आधी त्या बॅगांबद्दल बोलू द्या.

जपानी दिग्दर्शक हिरोकाझू कोरे-एदा यांचा ‘नोबडी नोज’ हा चित्रपट आपण आत्ताच एकत्र पाहिला. सुरुवात आठवा. तोक्योतलं भाड्याचं घर, आई आणि बारा वर्षांचा अकिरा. घरमालकांना दोघंच भेटतात, अगदी अदबीनं. दार लागतं, बॅगा उघडतात आणि आतून अकिराची धाकटी भावंडं, शिगेरू आणि युकी, बाहेर येतात. तुम्ही हसलात, मी ऐकलं. हसायलाच हवं, त्या मुलांनाही तो खेळच वाटतो! बहीण क्योको मागाहून येते, तिला आणायला अकिरा स्टेशनवर जातो. मग नियम सांगितले जातात: दंगा नाही, बाहेर जायचं नाही.

हा चित्रपट मी जिथे जिथे दाखवते तिथे चर्चेत पहिला हात वर होतो तो ‘ही काय आई म्हणायची?’ हे विचारायला. एकदा एक गृहस्थ तब्बल वीस मिनिटं तिच्यावरच बोलले. सभागृहानं माना डोलावल्या, वेळ संपली, सगळे उठले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. एकदा गुन्हेगार सापडला की बाकीचे सगळे सुटतात ना! दिग्दर्शकानं मात्र तिला राक्षसीण केलेलं नाही. ती अल्लड आहे, क्योकोची नखं रंगवते, मुलांना हसवते आणि पाकिटात पैसे ठेवून निघून जाते. हे सगळं एकाच बाईत आहे, म्हणून तर पाहवत नाही.

मुलांच्या हातात संहिता दिलीच नव्हती, संवाद ऐनवेळी सांगायचे. चित्रीकरण जवळपास वर्षभर चाललं, त्यामुळे मुलं आपल्यासमोर खरोखरच वाढतात. अकिरा झालेल्या युया यागिराचा आवाजही त्याच काळात फुटला. 2004 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो 14 वर्षांचा होता.

पाचच मिनिटं उरलीत म्हणे. तर, नोंद. जपानमध्ये कुटुंबाची नोंदवही असते, ‘कोसेकी’. मूल जन्मलं की 14 दिवसांत कळवायचं. या चौघांचं कुणी कळवलंच नाही, म्हणून शाळाही नाही. 1988 साली तोक्योत उघडकीस आलेल्या खऱ्या प्रकरणावरून हे सुचलं. पण नोंद नसण्यामागे दरवेळी बेफिकिरीच असते असं नाही. घटस्फोटानंतर 300 दिवसांत जन्मलेलं मूल कायद्यानं आधीच्या नवऱ्याचं धरलं जाई. मारझोडीतून सुटलेल्या कितीतरी बायकांनी त्या भीतीनं नोंदच केली नाही. आईनं पुन्हा लग्न केलं असेल तर आता तसं धरत नाहीत, पण हा बदल लागू व्हायला 2024 उजाडलं.

दुकानातली मुलगी अकिराला पोलिसांकडे किंवा बालकल्याण खात्याकडे जायला सुचवते. तो म्हणतो, मग आम्हा चौघांना एकत्र राहता येणार नाही. पूर्वी तसं झालेलं असतं. ज्यांनी शोधायचं, त्यांच्यापासूनच ही मुलं लपलेली आहेत. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि युकी. शेवटी ती दगावते. तिला बॅगेत ठेवायला जातात, तेव्हा ती आली होती त्या बॅगेत ती मावत नाही. ती किती वाढली, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. अकिरा मोठी बॅग घेतो.

आता तुम्ही बोला. फक्त आईपासून सुरुवात नको.