धुराच्या नळीतून उलटं येणारं पाणी

कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली आणि तापोळ्याहून लाँच सुटतात. ज्या बोटीत डिझेल इंजिन आत बसवलेलं असतं आणि एक्झॉस्ट पाण्यानं गार केलेला असतो, तिच्या मागच्या फळीतल्या एकाच नळीतून धूर आणि पाणी बाहेर पडतं. इंजिन चालू असेपर्यंत धुराचा दाब पाणी ढकलतो. बंद पडलं, की पाण्याला आत, थेट इंजिनापर्यंत यायला वाट मोकळी.

मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या भागाच्या, एल्बोत (वाकड्या नळीत) गार करणारं पाणी सोडलेलं असतं. तिथून होज (रबरी नळी) उतरतो वॉटरलॉक सायलेन्सरमध्ये, म्हणजे पाणी अडवणाऱ्या डब्यात. इंजिन बंद झालं, की पुढच्या होजमधलं पाणी इथंच परत येतं. तेवढं सगळं मावेल असाच सायलेन्सर घ्या. त्यापुढे होज वर चढवून बाक द्यायचा. माथा पाणरेषेच्या किमान १ फूट वर, जागा असेल तर दीड. पाणरेषा मात्र भरलेल्या बोटीची धरा. पर्यटक मागच्या बाकांवर बसले, की फळी खाली जाते आणि रिकाम्या बोटीवर घेतलेलं माप फसतं.

एल्बोत पाणी सोडण्याची जागा पाणरेषेपासून ६ इंचही वर नसेल, तर अँटी-सायफन व्हॉल्व्ह (नळीत हवा घेऊन पाण्याची ओढ तोडणारा) हवाच. नाहीतर उभ्या बोटीत, गार करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाच्या झिजलेल्या रबरी पंख्यातून पाणी झिरपत राहतं आणि सायलेन्सर भरून वर चढतं. या व्हॉल्व्हची छोटी जीभ चिकटते. दर हंगामाला काढून धुवा.

सगळ्यात जास्त घात होतो तो सेल्फ मारत बसल्यानं. इंजिन लागत नाही, म्हणजे धुराचा दाब नाही. पंप मात्र पाणी ओततोय. दोन-तीनदा मारून लागलं नाही, तर पंपाकडे पाणी घेणारा कॉक बंद करा, सायलेन्सरचा ड्रेन प्लग काढून तो रिकामा करा, मग पुन्हा बघा. इंजिन लागताच कॉक उघडा. कोरडा फिरला तर पंखा जळतो.

सेल्फ दिल्यावर ‘टक्’ होऊन इंजिन अडलं, तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही; जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल फवारणारे नॉझल काढा, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑईल सोडा. इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं ऑईल दुधाळ दिसलं, तर ते फिल्टरसकट बदला. थोडा वेळ चालवून पुन्हा बदला. गोडं पाणी आहे म्हणून उद्यावर ढकलू नका, ओला लायनर (सिलिंडरची आतली भिंत) गंजायला वेळ लागत नाही.

उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरते. नाक काठाला टेकवून बांधलेल्या बोटीची मागची बाजू तेव्हा खाली कलते, नळीही बुडते. दोर रोज सैल करून बोट खोल पाण्यात सरकवा. एक्झॉस्ट सरळ वर काढलेला असेल, तर इथल्या पावसात त्यावर झाकण बसवा आणि इंजिन सुरू करण्याआधी ते काढा.