कागदाचं नाव घेऊन मागा

श्रोतेहो, नमस्कार.

माहिती अधिकाराच्या अर्जाला आपल्याकडच्या कार्यालयांतून येणारी काही वाक्यं आता लोकांना पाठ झाली आहेत. 'आपण मागितलेल्या माहितीचा बोध होत नाही.' 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे.' 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, कामाचा खाडा करून, तालुक्याला खेप घालून अर्ज दिलेला असतो. महिनाभर वाट पाहावी आणि हातात असं एका ओळीचं पत्र पडावं, याचा कोणालाही संताप येईल. काही कार्यालयं ही वाक्यं निव्वळ टाळण्यासाठी वापरतात, हे मी नाकारत नाही. पण असे परत आलेले अर्ज काढून वाचले, तर बहुतेकांत एक गोष्ट दिसते. अर्जदाराने साहेबांना जाब विचारलेला असतो आणि कागद मागायचा राहून गेलेला असतो.

'आमच्या वाडीचा रस्ता निकृष्ट का झाला? याला जबाबदार कोण?' प्रश्न अगदी रास्त आहे. ग्रामसभेत तो विचारलाच पाहिजे. माहितीच्या अर्जात मात्र त्याला उत्तर मिळणार नाही, कारण 2005 च्या कायद्यातली माहिती म्हणजे कार्यालयाकडे आधीपासून असलेला अभिलेख: आदेश, परिपत्रक, अहवाल, करार, रोजवही, टिप्पणी, अगदी वापरलेल्या साहित्याचा नमुनासुद्धा. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली सांगितलं, की 'असं का केलं' याचं स्पष्टीकरण माहिती या व्याख्येत बसत नाही. 2011 मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कायद्यातले अपवाद सोडले, तर जे अभिलेखात आहे ते दिलंच पाहिजे. नवी माहिती तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. त्या खटल्यात विद्यार्थ्यांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मिळाली, ती याच तत्त्वावर. उत्तरपत्रिका हा हातात धरता येईल असा, नाव असलेला कागद होता.

तेव्हा त्या रस्त्याकडेच वळू. सरकारी पैशातून झालेला कुठलाही रस्ता आधी कागदावर तयार होतो आणि त्या प्रत्येक कागदाला नाव असतं. कामाला प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता. अंदाजपत्रकात लांबी, रुंदी, जाडी, खडी किती, सिमेंट किती, सगळं लिहिलेलं असतं. निविदा निघते, करारनामा होतो, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश जातो. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. म्हणजे तेवढ्या काळात रस्ता उखडला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. गावात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि या सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तिका. कार्यालयात तिला 'एमबी' म्हणतात. अभियंत्याने जागेवर जाऊन काम मोजायचं, ते आकडे या पुस्तिकेत लिहून सही करायची, आणि त्या आकड्यांवरून ठेकेदाराचं देयक, म्हणजे बिल, निघतं. पुस्तिकेत जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिली असेल आणि रस्त्याची तुटलेली कड तुम्हाला आठच सेंटिमीटर दाखवत असेल, तर पुढे कोणाला वेगळा जाब विचारायची गरज राहत नाही. सही कोणाची, तारीख कोणती, पैसे किती दिले, सगळं त्याच पानांवर असतं. 'जबाबदार कोण' हे तिथेच कळतं.

आता अर्ज कसा लिहायचा, तो वाचून दाखवतो. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ' हा नमुना आहे. त्यात विषय, कालावधी आणि माहितीचं वर्णन असे रकाने आहेत.

विषयात लिहा: 'मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा काँक्रीट रस्ता.' गावाचं नाव घाला. कालावधीत लिहा: '1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2025.' 'सुरुवातीपासून आजपर्यंत' असं कधीही लिहू नका. त्याने 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' या उत्तराला आपणच वाट करून देतो. वर्णनात लिहा: 'वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, अदा केलेली देयके.' बस. भ्रष्टाचार, संगनमत, उपोषणाचा इशारा यातलं काहीही अर्जात नको. माहिती कशासाठी हवी हे सांगायचंही कारण नाही. कलम 6 मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे.

अर्ज छोटा ठेवण्याला आणखी एक कारण आहे. 2012 पासून महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा. रस्ता, अंगणवाडी आणि पाणीपुरवठा एकाच अर्जात घातले, तर अधिकारी पहिल्या विषयाची माहिती देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करा असं सांगू शकतो. अर्ज स्वतःच्या नावाने करा, मंडळाच्या लेटरहेडवर नको, कारण हा हक्क नागरिकाला दिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क नाही, फक्त पुरावा जोडावा लागतो. आणि ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घेण्यासाठी मदत करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे. माझ्या आयाबहिणींनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

कित्येकांचं काम रस्त्याइतकं मोठं नसतं. वारस नोंदीचा अर्ज दिलाय, शिधापत्रिकेत सुनेचं नाव घालायचंय, आणि काही हलत नाही. तिथे 'माझ्या अर्जाचं काय झालं' असं विचारण्यापेक्षा कार्यालयाच्या नोंदवह्या मागा. आवक नोंदवहीत तुमचा अर्ज ज्या पानावर आहे त्याची प्रत, संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीतली, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या कागदांच्या वहीतली, त्या अर्जाची नोंद आणि नस्तीतल्या, म्हणजे फाइलीतल्या, टिप्पणीची प्रत. अर्ज कोणाच्या टेबलावर कधी आला आणि किती दिवस पडून राहिला, ते यावरून उलगडतं. विलंब रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2005 चा वेगळा कायदा आहे. त्याप्रमाणे नस्ती एका टेबलावर साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. अशा अर्जाला पोच मिळाली, की अडलेलं मूळ काम पुष्कळदा आपोआप पुढे सरकतं.

कागदाचं नावच माहीत नसेल तर? तर आधी नस्ती पाहायला मागा. अभिलेखाची पाहणी करणं, टिपणं काढणं हाही कायद्याने दिलेला हक्क आहे. शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महानगरपालिका, जिल्हा परिषद अशा संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. वही-पेन घेऊन जा, नस्ती उलटा, हवी ती पानं खुणेने टिपा आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. चारशे पानांचे पैसे भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझ्या मते या सोयीचा आपण फारच कमी उपयोग करतो.

अर्ज चुकून दुसऱ्याच कार्यालयात गेला, तरी त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. आवक शिक्का मारलेली पोच मात्र जिवापाड जपा, कारण उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस मोजायचे ते तिच्यावरून. प्रतींचं शुल्क भरायचं पत्र आलं, तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तिसांत धरत नाहीत. म्हणून पैसे लगेच भरा. एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंध असेल, तर मुदत 48 तासांची आहे. तसं अर्जात वरच ठळक लिहा.

मुदतीत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे 'जोडपत्र ब' मध्ये अपील करा. तिथेही भाषण नको. अर्जाची तारीख, मागितलेल्या कागदांची नावं, आणि त्यातला कोणता मिळाला नाही, एवढंच लिहा. मुदत उलटली असेल, तर कलम 7(6) प्रमाणे प्रती विनामूल्य मिळाव्यात, ही मागणी त्यात जरूर घाला. 'नस्ती सापडत नाही' असं उत्तर असेल, तर ती शेवटची कोणाच्या ताब्यात होती त्या नोंदीची प्रत मागा. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा राज्याच्या अभिलेख कायद्याखाली गुन्हा आहे, याचा उल्लेख करा. नस्त्या शोधायला पुष्कळदा तेवढं पुरतं. तिथेही दाद मिळाली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील करायचं. तिथे सुनावणीची तारीख लागायला वेळ लागतो, हे मनाची तयारी ठेवूनच जायला हवं. पण विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार त्या आयोगाला आहे, आणि तो त्याच्या पगारातून वसूल होऊ शकतो. सुनावणीला जाताना मूळ अर्ज, पोच, उत्तराचं पत्र आणि पहिल्या अपिलाची प्रत, असे चार कागद तारखेप्रमाणे लावून बरोबर न्या.

नमस्कार.